वरठीहून आणिक आगारापर्यंत

भंडारा शहराचे रेल्वे स्थानक शहरात नाही, ते वरठीला आहे. गोंदियाहून मुंबईस जाणारी विदर्भ एक्सप्रेस येथे दुपारी मिळते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरविते. तुमसरच्या तांदळाचे, भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांचे व्यवहार सांभाळणाऱ्या कुटुंबांना हा मार्ग नवा नाही. काळबादेवीचे बाजार, पायधुणीचे गोडीजी पार्श्वनाथ मंदिर आणि परतीची गाडी एवढीच बहुतेकांची मुंबई असते. त्यात अर्धा दिवस आणिक आगारासाठी राखून ठेवावा, असे त्या ठिकाणी पुष्कळ काही आहे.

जुनी वाहने पाहावयाची तर नागपूर जवळ नाही काय, असे कोणी म्हणेल. मोतीबागेतील अरुंदमापी रेल्वेचे संग्रहालय १४ डिसेंबर २००२ रोजी उघडले आणि ते सुंदरच आहे. पण ते रुळांवरच्या गाड्यांचे. बसगाड्यांची हौस असणाऱ्याला मुंबईच गाठावी लागते. ‘बेस्ट’चे संग्रहालय १९८४ साली कुर्ला आगारात सुरू झाले आणि १९९३ मध्ये आणिक आगारात आले. हार्बर मार्गावरील गुरू तेगबहादूर नगर स्थानकाहून तेथे जाता येते. आगार चालते असल्याने बाहेर गाड्यांची ये-जा सुरू असते. निघण्यापूर्वी संग्रहालयाची वेळ व छायाचित्रणाची परवानगी विचारून घेतलेली बरी.

आत शिरताच बाजाराशी नाते असलेल्या माणसाला ओळखीची नावे भेटतात. ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली, तिचे दोन मार्ग होते : कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते काळबादेवीवरून पायधुणी. म्हणजे मुंबईची सार्वजनिक वाहतूक पहिल्या दिवसापासून पेठेकडेच धावत होती! १९०७ च्या मे महिन्यात विजेची ट्राम आली. पहिली मोटार बस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी धावली, दुमजली बस १९३७ मध्ये आली आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची ट्राम थांबली. हे सारे टप्पे येथे लहान प्रतिकृती, तिकिटे आणि तिकिटांची यंत्रे यांमधून उभे राहतात.

छायाचित्रकाराची खरी परीक्षा येथेच होते. कपाटांच्या काचेवर दिव्याचा उजेड पडला की चित्रात बसऐवजी स्वतःचाच चेहरा उमटतो. फ्लॅश बंद ठेवावा, कॅमेरा काचेला जवळजवळ टेकवून किंचित तिरपा धरावा आणि प्रतिकृतीच्या चाकांच्या उंचीवरून पाहावे. मग वीतभर गाडीही रस्त्यावर उभी असल्यासारखी दिसते. तिकिटांपाशी अधिक वेळ द्यावा. त्यांवरचे आणे-पैसे वाचताना जुन्या रोजमेळातील गाडीभाड्याच्या नोंदी आठवल्याशिवाय राहत नाहीत.

मात्र प्रतिकृती ती प्रतिकृतीच. लोखंडी पायरीवर पाय ठेवून वर चढण्याचा अनुभव ती देत नाही. डिझेलवरची शेवटची दुमजली बस १५ सप्टेंबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यावरून निघून गेली, तेव्हा तिला निरोप द्यायला लोक फुले घेऊन आले होते. लाल एस.टी.ला असा निरोप क्वचितच मिळतो. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर निघालेल्या पहिल्या गाडीची कथा सर्वांना ठाऊक आहे. परंतु भंडारा–तुमसर, साकोली, पवनी या मार्गांवर ज्या गाड्यांच्या टपावर बाजाराची पोती चढली, त्या गाड्या कोठे गेल्या, हे कोणी विचारत नाही. सरकारी आणि परिवहन महामंडळांच्या पंधरा वर्षांहून जुन्या वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून चालू ठेवता येत नाही. अशी वाहने मोडीत काढावी लागतात. धूर व अपघात पाहता नियम योग्यच आहे. तरी प्रत्येक बनावटीची एकेक गाडी मागे ठेवणे काही फार खर्चाचे नाही, हे कोणताही व्यापारी मनातल्या मनात हिशेब करून सांगेल.

गाड्या नसल्या तरी कागद आहेत. जुन्या घरांच्या माळ्यावर बांधून ठेवलेल्या वह्यांत मोटारभाडे, हमाली, पार्सल अशा ओळी सापडतात; एखाद्या पानात पंच केलेले तिकीटही दडलेले असते. तिकिटांच्या पेटीची आणि वाहकाच्या चिमट्याच्या टकटकीची आठवण सांगणारे आजोबा अजून कित्येक घरांत आहेत. आणिकहून परतलेल्या प्रवाशाने त्या वह्यांची पानेही दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी ठेवून टिपावीत. आणि वरठीला उतरून भंडाऱ्याच्या बसस्थानकावर पोहोचल्यावर कॅमेरा पिशवीत घालण्याची घाई करू नये. पवनीची गाडी फलाटावर लागलेली असते, पाटी अजून हाताने लिहिलेली असेल तर ती आधी टिपून घ्यावी.