मागाशेजारचे बिऱ्हाड

सोलापुरात भाड्याच्या घरात ऐकू येणारा शेजारचा आवाज हा बहुतेक वेळा शेजाऱ्याचा धंदा असतो. साखर पेठ, भवानी पेठ, दाजी पेठ, अशोक चौक हा शहराचा पूर्व भाग. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी इथे घर आणि माग एकाच आवारात उभे केले. खाली किंवा मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चार-आठ माग, वरच्या मजल्यावर कुटुंब, आणि उरलेल्या दोन खोल्यांत भाडेकरू. अशा शेडला इथे सरळ ‘कारखाना’ म्हणतात. ज्या चादरीमुळे सोलापूरचे नाव घरोघरी गेले, ती अशाच शेडांतून बाहेर पडते.

यंत्रमागाचा आवाज कशामुळे होतो, हे समजले तर त्यावर काय करता येईल तेही समजते. कांडी भरलेला धोटा मागाच्या एका पेटीतून दुसऱ्या पेटीत मिनिटाला शंभराच्या आसपास वेळा फेकला जातो. त्याला फेकणाऱ्या काठीचा एक ठोका, धोटा समोरच्या पेटीत आदळण्याचा दुसरा, आणि बाण्याचा धागा ठोकून बसवणाऱ्या फणीचा तिसरा. आठ माग एका लयीत कधीच चालत नाहीत, त्यामुळे हे ठोके एकमेकांत मिसळून सलग खडखडाट होतो. शेडमध्ये तो 90 डेसिबलच्या वर सहज जातो. डेसिबलचे माप गुणाकाराने चढते: 10 डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो.

हा आवाज दोन वाटांनी शेजारी पोचतो. एक वाट हवेची: खिडक्या, पत्रा आणि भिंत यांतली फट, दाराखालची जागा. साडेचार इंची विटांची भिंत गिलावा धरून सुमारे 40 ते 45 डेसिबल अडवते. पण तिच्यात एक उघडी झरोक्याची खिडकी असली, तर भिंतीचा उपयोग फारसा उरत नाही. दुसरी वाट जमिनीची. मागाचे पाय फरशीत घट्ट बसवलेले असतात, हादरा पायातून जोत्यात, जोत्यातून भिंतीत आणि भिंतीतून थेट वरच्या खोलीतल्या खाटेपर्यंत येतो. खिडकी लावून हा हादरा थांबत नाही. भिंतीवर जाड चादर टांगण्याचा उपाय अनेकजण करून पाहतात. तिने खोलीतला घुमारा कमी होतो, पलीकडून येणारा आवाज मात्र तसाच येत राहतो. आवाज अडवायला वजन लागते, हादरा तोडायला मधे मऊ थर लागतो. मागाच्या पायाखाली रबराची जाड गादी, घराकडच्या बाजूच्या खिडक्या विटांनी बंद करणे, पत्रा आणि भिंत यांतली फट बुजवणे, ही कामे मालकाने शेडमध्ये करायची असतात. भाडेकरूने आपल्या खोलीत केलेल्या दहा खटपटींपेक्षा यातले एक काम जास्त गुण देते. धोट्याऐवजी रेपिअर यंत्रणेचे माग आले की आदळण्याचा ठोका जातो, पण तेवढे भांडवल छोट्या कारखानदाराकडे नसते.

या आवाजाचा सर्वांत मोठा बळी माग चालवणारा कामगार आहे, आणि शेजाऱ्यांच्या भांडणात हे बहुधा कोणाच्या ध्यानात येत नाही. वर्षानुवर्षे 90 डेसिबलच्या वर काम करणाऱ्याच्या कानाची हानी आधी 4000 हर्ट्झच्या आसपास सुरू होते. गाण्याचा ठेका त्याला ऐकू येतो, पण स, श, त, क अशा वर्णांची धार बोथट होते. माणूस बोलतोय हे कळते, काय बोलतोय ते कळत नाही. मग घरी टीव्हीचा आवाज वाढतो, फोनवर तो ओरडून बोलतो, रात्री पाळी संपवून आल्यावर दाराशी मोठ्याने हाका मारतो. पलीकडच्या खोलीतला भाडेकरू त्याला बेपर्वा समजतो. त्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे हेच ऐकू येत नसते. ही हानी औषधाने भरून निघत नाही. भिंतीवर थाप मारण्याऐवजी ‘अण्णा, एकदा कान तपासून घ्या’ असे दिवसाउजेडी सांगणारा शेजारी त्याचे आणि स्वतःचेही भले करतो.

जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड या बाजूंच्या अपार्टमेंटांत माग नाहीत, तिथले आवाज निराळे. शेंगाचटणी घरी कुटून विकणारी कुटुंबे शहरात आहेत. वरच्या मजल्यावर उखळ चालू झाले की स्लॅबवर पडणारा प्रत्येक घाव खालच्या डोक्यावर पडतो. उखळाखाली घडी घातलेले गोणपाट आणि त्यावर जुनी सतरंजी टाकली, उखळ खोलीच्या मध्यावरून उचलून खांबाजवळ ठेवले, तर खालच्याला लगेच फरक जाणवतो. पाण्याचा आवाज याहून अवघड. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, ते काही दिवसांआड येते आणि येण्याची वेळ रात्रीचीही असू शकते. पाणी आले की इमारतीतली प्रत्येक मोटर चालू होते, बादल्या-पिंपे हलतात, जिन्यात माणसे एकमेकांना उठवतात. याविरुद्ध तक्रार करण्यात काही न्याय नाही. मोटरखाली रबर बसवणे आणि पाइप भिंतीला थेट न जखडणे एवढेच करण्यासारखे आहे. त्यात उन्हाळा. एप्रिल-मे महिन्यांत पारा 42-43 अंशांवर जातो, तेव्हा खिडकी लावून झोपा हा सल्ला इथे निरुपयोगी ठरतो. गच्चीवर झोपणाऱ्याला तर भिंतीचाही आडोसा नसतो.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, 2000 नुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा, औद्योगिक भागात 75 आणि 70. रात्र म्हणजे रात्री 10 ते सकाळी 6. मर्यादेपेक्षा 10 डेसिबल किंवा अधिक आवाज असेल, किंवा रात्रीचे निर्बंध मोडले जात असतील, तर कोणतीही व्यक्ती तक्रार करू शकते. ती घरमालक असावी अशी अट नाही. लाउडस्पीकरबाबत सर्वोच्च न्यायालयाने 18 जुलै 2005 च्या निकालात नियम आणखी पक्के केले. अडचण पूर्व भागासारख्या मिश्र वस्तीची आहे. घर आणि कारखाना एकाच भिंतीला असतील तिथे तो भाग निवासी धरायचा की औद्योगिक, हे सक्षम प्राधिकरणाने जाहीर करायचे असते, आणि त्यावर 45 लागू की 70 हे ठरते. 112 वर फोन केला की पोलीस येतात, आवाज तेवढ्यापुरता थांबतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 292 खाली सार्वजनिक उपद्रवाला 1000 रुपयांपर्यंत दंड आहे, पण उपद्रव आसपासच्या लोकांना होतो हे दिसावे लागते. म्हणून एकट्याच्या अर्जापेक्षा गल्लीतल्या पाच-सहा सह्यांचा अर्ज वजनदार ठरतो.

भाडेकरू अशा अर्जावर सही करायला कचरतो, त्याचे कारण करारात आहे. बहुतेक करार 11 महिन्यांचे, लीव्ह अँड लायसन्सचे. मुदत संपली की घर सोडावे लागते. न सोडल्यास महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 24 नुसार दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. पुष्कळदा कारखानदार हाच घरमालक असतो, मग तक्रार कोणाकडे करायची? याच कायद्याचे कलम 16 शेजाऱ्यांना उपद्रव देणाऱ्या भाडेकरूला बाहेर काढण्याचा अधिकार मालकाला देते, पण उपद्रव मालकाचाच असेल तर भाडेकरूच्या उपयोगाचे तसे कलम या कायद्यात नाही. हा तोल चुकीचा आहे, आणि तो निदान करार करताना तरी थोडा सावरता येतो. कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असणे ही मालकाची जबाबदारी आहे. नोंदणी नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. रात्री दहानंतर आवाज चालू राहिला, लेखी कळवूनही महिन्यात थांबला नाही, तर अनामत न कापता घर सोडता येईल, अशी एक ओळ करारात घालून घेणे शक्य असते. ठरावीक काळ घर सोडता येणार नाही अशी लॉक-इनची अट असेल तर ती ओळ आवश्यकच आहे.

कायद्याच्या आधी बोलणे येते, आणि त्यातही वेळ महत्त्वाची. रात्री साडेअकराला चिडून ठोठावलेल्या दारातून भांडण बाहेर पडते. दुपारी पाळी बदलताना जाऊन, ‘मालक, पोराची दहावी आहे, मार्चपर्यंत भिंतीलगतचे दोन माग तेवढे दहाला बंद ठेवता का?’ असे विचारले तर होकार मिळण्याची शक्यता बरीच वाढते. मागणी नेमकी असावी: कोणते माग, किती वाजता, किती दिवस. सगळा कारखाना बंद करा म्हणणे म्हणजे कामगाराची रात्रपाळीची मजुरी बंद करा म्हणणे, आणि ती मजुरी घेणारा माणूसही याच गल्लीत भाड्यानेच राहतो.

घर दाखवताना शेजारी माग किती आहेत आणि ते रात्री चालतात का, हे घरमालकाने विचारण्याची वाट न पाहता सांगावे. भाडेकरूनेही भर दुपारी किंवा मागाच्या सुट्टीच्या दिवशी घर पाहून होकार देऊ नये. कामाच्या दिवशी रात्री दहानंतर तिथे एकदा जावे, दार लावून थोडा वेळ बसावे, आणि मगच अनामत द्यावी.