उमेदवारी

‘उमेदवार’ हा शब्द आज निवडणुकीच्या भिंतींवर रंगवला जातो. इंग्रजी अमदानीत मात्र जागा रिकामी होईल या आशेवर कचेरीत बिनपगारी नकला करणाऱ्या तरुणाला तो लावीत. फारसी ‘उमेद’ म्हणजे आशा. पोटाला घालण्यासाठी त्याच्याजवळ तेवढीच असे.

१८६१ साली मध्य प्रांत स्थापन झाला आणि नागपूर व जबलपूर एका कारभाराखाली आली. नोकरीच्या शोधात मराठी माणसे नर्मदाकाठी आली, त्यांत आमचे घराणेही होते. ग्वारीघाटच्या घरी एका रुमालात आजोबांच्या इंग्रजी अर्जांच्या नकला बांधलेल्या आहेत. प्रत्येक अर्जाखाली ते साहेबांचे ‘अत्यंत आज्ञाधारक सेवक’ आहेत. नवल असे, की साहेबही आपल्या पत्रांखाली हाच मायना लिहीत. त्यांच्या लेखी तो निव्वळ शिष्टाचार होता. अर्जदाराच्या लेखी ते शब्दशः खरे होते.

नम्रता आपल्याला नवी नव्हती. जुन्या मोडी पत्रांतही ‘विज्ञापना’ असे. पण ती ओळखीच्या धन्यापाशी केलेली असे. अर्ज हुद्द्याला उद्देशून होता, आणि हुद्द्याला चेहरा नसतो.

एका नकलेच्या पाठीवर आजोबांनी मराठीत तिकिटांचा आणि तांदळाचा हिशेब मांडला आहे. त्यात एकही विशेषण नाही. आजोबांचा आवाज मला ऐकू येतो तो तिथेच. वाङ्मयेतिहासाने पत्रांना स्थान दिले. अर्जांनाही ते द्यावे, मात्र त्यांची पाठ वाचून.