मैदान आहे का? होय

केंद्रप्रमुख म्हणून साकोली तालुक्यातल्या शाळा तपासायचो, तेव्हा मी चांगले शेरे दिले ते कुलूपबंद कपाटांना. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मैदान आणि खेळसाहित्य दोन्ही आहे, म्हणून दोन्ही बघायचो. मैदान, होय. साहित्य, होय. वेष्टनातला फुटबॉल आणि कोऱ्या रिंगा पाहून शेरेबुकात 'साहित्य सुस्थितीत' लिहिलं. चेंडू हरवला तर डेडस्टॉक रजिस्टरचा हिशेब गुरुजींच्या गळ्यात पडतो. मग तो बाहेर काढणार कोण? हे मला कळत नव्हतं असं नाही. उलट, साहित्य नसलेल्या एका शाळेच्या पोरी राखेच्या रेघा मारून आट्यापाट्या खेळताना दिसल्या, आणि तिथे मी 'सुधारणा आवश्यक' लिहून आलो.

वेळापत्रकातल्या खेळाच्या तासांबद्दल तर तोंडच उघडलं नाही. ते गणिताला जातात हे ठाऊक होतं, कारण शिक्षक असताना मीही घेतले होते. सहावी ते आठवीचा पट शंभरावर असेल तरच शारीरिक शिक्षणाला अंशकालीन निदेशक मिळतो. आमच्या लहान गावांचा पट तिथवर जातच नाही.

याहून मोठी चूक धावण्याच्या चाचणीत झाली. २९ ऑगस्ट २०१९ ला 'फिट इंडिया' सुरू झालं, आणि खेलो इंडियाच्या चाचण्यांच्या नोंदी भरायची घाई लागली. नऊ वर्षांवरच्या मुलांना ६०० मीटर धावायचं किंवा चालायचं असतं. मी ते भर दुपारी घेतलं. सर्वांच्या मागून चालत येणाऱ्या मुलीला 'पाय उचल, बाई' म्हणून ओरडलो. चालण्याची मुभा नियमातच होती! दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही, सांधे फार दुखत होते. तिला सिकलसेल होता, आणि कार्ड ऑफिसच्या फाइलीत होतं. या आजारात प्राणवायू किंवा पाणी कमी पडलं की तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. आपल्या पूर्व विदर्भात हा आजार नवा नाही. मी आधी विचारायला हवं होतं.

मग घाबरून दुसरं टोक गाठलं. सिकलसेल असलेल्या मुलांना खेळातून वगळा, असं तोंडी सांगून टाकलं. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी कान उपटले. पाणी, सावली, हवी तेव्हा विश्रांती मिळाली तर झेपेल तेवढं खेळणं या मुलांच्या हिताचंच आहे, वगळायचं ते उन्हातल्या शर्यतीतून. तोवर माझ्या सांगण्यावरून काही मुलं भिंतीला टेकून बसायला लागली होती.

आता तपासणीला जाणाऱ्यांना विनंती आहे. कळवून जाऊ नका, खेळाच्या तासाला जा. मुख्याध्यापकांच्या आधी मुलींना विचारा, काल काय खेळलात? आणि घड्याळ सुरू करण्यापूर्वी आरोग्य तपासणीची फाइल मागून घ्या.