मला आवडणारा सुआरेझ

आमच्या डॉर्मिटरीत फुटबॉलचे वाद मेस्सी की रोनाल्डो यावरून सुरू होतात आणि लाइट्स आउट झाले की नाइलाजाने थांबतात. केरळची मुले ब्राझील-अर्जेंटिना करत भांडतात. मणिपूरची मुले भांडत नाहीत, ती मैदानावर दाखवतात. मी कोल्हापूरचा. आमच्याकडे शाहू स्टेडियमवर पेठांच्या तालमींचे संघ उतरले की निम्मे गाव तिथे असते, त्यामुळे फुटबॉलचे वेड मला इथे येऊन लागले असे कोणी समजू नये. पण माझा खेळाडू त्या दोघांपैकी नाही. माझा खेळाडू उरुग्वेचा लुईस सुआरेझ. हे नाव सांगितले की समोरचा हसतो आणि दात दाखवतो.

दात दाखवणाऱ्यांचे चूक नाही. सुआरेझ मैदानावर तीन वेळा चावला. २०१० मध्ये आयेक्सकडून खेळताना पीएसव्हीच्या बक्कलला, २०१३ मध्ये लिव्हरपूलकडून खेळताना चेल्सीच्या इव्हानोविचला आणि २०१४ च्या विश्वचषकात इटलीच्या किएलिनीला. पहिल्यासाठी सात सामन्यांची बंदी, दुसऱ्यासाठी दहा आणि तिसऱ्यासाठी नऊ आंतरराष्ट्रीय सामने, शिवाय चार महिने फुटबॉलपासूनच दूर. शिक्षेने माणूस सुधारतो असे मानणाऱ्यांनी हा हिशेब जरूर पाहावा.

मग आवडतो का? कारण तो कुठून आला आणि कसा चढला. उरुग्वेची लोकसंख्या साधारण ३५ लाख, म्हणजे एका पुणे शहराएवढी, आणि या देशाने १९३० व १९५० असे दोन विश्वचषक जिंकलेले. साल्तो या गावात १९८७ साली त्याचा जन्म. सात वर्षांचा असताना कुटुंब मोंटेव्हिडिओला आले. पुढे आई-वडील वेगळे झाले. घरात भावंडे बरीच आणि पैसा कमी. पंधराव्या वर्षी त्याला सोफिया भेटली, आणि नंतर ती घरच्यांबरोबर बार्सिलोनाला निघून गेली. युरोपात जाण्याचे त्याचे मोठे कारण हेच होते. नॅसिओनालकडून खेळताना हॉलंडच्या ग्रोनिंगेन क्लबची माणसे आली ती दुसऱ्याच खेळाडूला पाहायला, आणि घेऊन गेली याला. साल २००६, वय १९. पुढच्याच वर्षी आयेक्स. २००९-१० च्या मोसमात लीगचे ३३ सामने आणि ३५ गोल.

मला सर्वांत आवडतो तो लिव्हरपूलचा २०१३-१४ चा मोसम. इव्हानोविचच्या दंडावर दात रोवल्याची बंदी शिल्लक होती, म्हणून लीगचे पहिले पाच सामने तो बाहेर. उरलेल्या ३३ सामन्यांत ३१ गोल, आणि त्यांत पेनल्टी एकही नाही. त्यातले बरेचसे गोल मी आता पाहतो तेव्हा एक गोष्ट दिसते. त्याच्याकडे फार वेग नाही. बचावपटूच्या पायांतून, अंगावरून, चेंडू अडखळत अडखळत तो पुढे काढतो. हरलेला चेंडू तो हरलेला मानत नाही. आमचे उस्ताद ज्याला ‘जिद्दी’ म्हणतात, तो हा.

पण याच जिद्दीचे दुसरे टोक २ जुलै २०१० ला जोहान्सबर्गमध्ये दिसले. विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी, समोर घाना, बरोबरी १-१, अतिरिक्त वेळ संपत आलेली. घानाचा हेडर गोलमध्ये चालला होता आणि सुआरेझने गोलरेषेवर तो चक्क हातांनी अडवला. लाल कार्ड. तो रडत बाहेर निघाला. ग्यानची पेनल्टी आडव्या खांबावर लागून वर गेली, आणि नंतर शूटआउटमध्ये उरुग्वे ४-२ ने जिंकला. आफ्रिकेतला एकही देश तोवर उपांत्य फेरीत पोहोचला नव्हता.

मी नववीत असताना, डिसेंबर २०२२ मध्ये, हे दोन देश पुन्हा भेटले. सामना आपल्याकडे रात्री साडेआठला होता. हाउस मास्टर सरांनी टीव्ही रूममध्ये शेवटपर्यंत बसायची परवानगी दिली, हे विशेष. सुआरेझने आदल्या दिवशीच सांगितले होते की मी माफी मागणार नाही, कोणाला जखमी केले असते तर मागितली असती. पेनल्टी मी चुकवली नाही. त्या रात्री घानाने पुन्हा पेनल्टी घालवली आणि उरुग्वे २-० ने जिंकला. पण तिकडे दक्षिण कोरियाने पोर्तुगालविरुद्ध शेवटच्या क्षणांत गोल केला आणि उरुग्वे स्पर्धेबाहेर. सुआरेझ बाकावर जर्सीने तोंड झाकून रडत होता. आमच्या टीव्ही रूममध्ये निम्मे टाळ्या वाजवत होते.

एव्हराचे प्रकरण मात्र वेगळे, आणि ते मी कधीच हसण्यावारी नेत नाही. २०११ मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या पॅट्रिस एव्हराला त्याच्या वर्णावरून बोलल्याबद्दल त्याला आठ सामन्यांची बंदी आणि ४० हजार पौंड दंड झाला. रागात चावणे हा वेडेपणा आहे. हा वेडेपणा नव्हे. आमच्या शाळेत सगळ्या प्रांतांची मुले एका मेसमध्ये जेवतात, तेव्हा असा एक शब्द काय करतो हे मला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही.

या वर्षी मी हाउसचा फुटबॉल कॅप्टन आहे. आमचा फॉरवर्ड अकरावीचा, शाळेतला सर्वांत चांगला. आंतर-हाउस स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात त्याचे दोन गोल झाले. दुसऱ्या गोलच्या आधी, कॉर्नरच्या वेळी, त्याने समोरच्या बॅकला तोंडावर कोपर मारले. मी पुढे गेलो होतो, दोन हातांवर होतो. उस्ताद चेंडूकडे पाहत होते. त्या मुलाला एम. आय. रूममध्ये ओठाला टाके पडले. संध्याकाळी मी विचारले तर फॉरवर्ड म्हणाला, ‘‘सर, रेफरीने फाउल दिला नाही. आणि सुआरेझचा फोटो तर तुमच्याच कपाटात आहे.’’

उत्तर द्यायला मला वेळ लागला, पण उत्तर होते. जोहान्सबर्गचा हात साऱ्या जगासमोर होता. रेफरीने पाहिला, कार्ड दिले, घानाला पेनल्टी मिळाली. नियमाने जे द्यायचे ते त्याने तिथेच दिले. किएलिनीला तो चावला तेव्हा रेफरीने पाहिले नाही, आणि दोनच मिनिटांनी उरुग्वेने गोल करून सामना जिंकला. शिक्षा झाली ती नंतर, चित्रण पाहून. आमच्या मैदानावर कॅमेरा नाही. होतो तो मी.

मी हाउस मास्टर सरांना सांगितले. अंतिम सामन्यात तो खेळला नाही आणि आम्ही ०-१ ने हरलो. ट्रॉफी मी दान केली असे माझ्याच वर्गातले काही जण अजून म्हणतात. एक-दोघांनी तर ‘घाना’ असे नाव ठेवले आहे, ते मला आवडले.

वय वाढले की माणूस निवळतो म्हणतात. सुआरेझ ३८ वर्षांचा असताना, २०२५ मध्ये, लीग्स कपच्या अंतिम सामन्यात इंटर मायामी हरल्यावर सिॲटलच्या एका कर्मचाऱ्यावर थुंकला. पुन्हा बंदी. हाच माणूस उरुग्वेसाठी ६९ गोल करून निवृत्त झाला, आणि तेवढे त्या देशाच्या दुसऱ्या कोणीही केलेले नाहीत. त्याचा फोटो मी काढलेला नाही.

शाळेच्या संघात आम्ही दोघेही आहोत. फॉरवर्ड माझ्याशी कामापुरते बोलतो. डावीकडून क्रॉस मी टाकतो आणि पेनल्टी बॉक्समध्ये तो असतो. गेल्या रविवारच्या सरावात माझ्या चार क्रॉसवर त्याने तीन गोल केले. चौथा क्रॉस मागे पडला, त्यावर मात्र तो मला पुष्कळ बोलला.