कमी दाबलेला ब्रेक

इलेक्ट्रिक गाडीचे ब्रेक झिजत नाहीत, असं गाडी विकणाराही म्हणतो आणि घेणाराही. पॅडपुरतं ते बरंचसं खरं आहे. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की मोटारच जनित्र होते, गाडीचा वेग वीज होऊन बॅटरीत जातो आणि पॅडला डिस्क घासायची वेळ क्वचित येते. पण पॅडचा हा न्याय लोक पेडलचा दाब ऑइलमार्फत चाकांपर्यंत पोहोचवणाऱ्या मास्टर सिलेंडरलाही लावतात, आणि तिथे माझा आक्षेप आहे. पॅड वापराने झिजतो. मास्टर सिलेंडर मुख्यतः वयाने जातं, आणि वापर कमी असला तर कधी कधी लवकरच जातं. उन्हाळाभर बंद राहिलेल्या विहिरीवरच्या मोटारीचा वॉशर जसा पहिल्या पाण्याला दगा देतो, तसंच हे. म्हणून इलेक्ट्रिक गाडीत या भागाचा हिशेब किलोमीटरवर ठेवू नये, वर्षांवर ठेवावा.

कारण त्याच्या पोटातच आहे. एका नळीत मागेपुढे दोन पिस्टन, प्रत्येकाला रबरी कप, आणि दोन वेगळी सर्किटं, म्हणजे एक फुटलं तरी दुसऱ्यावर गाडी थांबावी. आत जे ब्रेक ऑइल असतं ते हवेतली ओल शोषतं. डॉट 4 प्रतीचं नवं ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरलं की ही हमी 155 अंशांवर येते. तेच पाणी नळीच्या आतल्या भिंतीवर गंज आणि गाळ आणतं. रोजच्या वापरात कप नळीच्या सुरुवातीच्या थोड्याशा भागातच फिरतात, तो भाग घासून चकचकीत राहतो. पुढचा भाग खरबरीत होत जातो. पाय उचलूनच गाडी थांबवणाऱ्याच्या गाडीत तर हा न वापरलेला भाग आणखी मोठा. मग एखाद्या दिवशी जोरात ब्रेक दाबला, किंवा हवा काढताना कोणी पेडल तळापर्यंत पंप केलं, की कप त्या खरबरीत भागावरून जातात आणि त्यांची कड फाटते. जुन्या गाडीची हवा काढताना पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवायची जाणत्या मिस्त्रींची सवय त्यासाठीच आहे. वापर नसलेल्या ब्रेकची काळजी कारखान्यांनाही आहे: फोक्सवॅगनने आयडी 3 आणि आयडी 4 या इलेक्ट्रिक गाड्यांच्या मागच्या चाकांना पुन्हा बंदिस्त ड्रम दिले, कारण बसून राहिलेली उघडी डिस्क गंजते.

इथे ईट गावचा माणूस म्हणेल, आमच्या भूम तालुक्यात पावसाचीच वानवा, ओल येणार कुठून? हरकत रास्त आहे, पण अपुरी. कोकणापेक्षा इथे ओल शिरायचा वेग कमी असेल. ती थांबत मात्र नाही. ऑइलच्या टाकीच्या झाकणाला हवेसाठी वाट असते, रबरी होजमधूनही ओल झिरपते, आणि आषाढ-श्रावणातली हवा बालाघाटावरही कोरडी नसते. दुसरी हरकत दिव्याची: बिघडलं तर डॅशबोर्डवर लाल दिवा लागेलच की. तो दिवा टाकीतली पातळी मोजतो. कप आतून सुटला तर ऑइल एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकतं, बाहेर थेंब पडत नाही, पातळी जागेवर राहते. पाय ठेवून उभं राहिलं की पेडल हळूहळू खाली बसत जाणं, एवढीच त्याची खूण. पुष्कळदा मागच्या सीलमधून ऑइल बूस्टरमध्ये, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या मागच्या डब्यात, उतरतं, तेही जमिनीवर दिसत नाही. आणि तिसरी, सगळ्यात भक्कम वाटणारी हरकत: ब्रेकचं काम मोटार करतेच ना? करते, बॅटरीत जागा असेल तोवर. घाटमाथ्यावरच्या घरी रात्रभर लावून शंभर टक्के भरलेली गाडी पहाटे मांजरसुंब्याचा घाट उतरून बीडला निघाली, तर वीज परत घ्यायला बॅटरीत जवळजवळ जागाच नसते. बॅटरीच्या वजनाने जड झालेली ती गाडी बहुतेक उतार पॅड आणि ऑइलच्या भरवशावर उतरते. वर्षभर आराम केलेल्या ऑइलची परीक्षा नेमकी तिथे होते.

बदलायचं ठरलं की किट, म्हणजे नुसते नवे कप-वॉशर, की असेंब्ली, म्हणजे पूर्ण नवं सिलेंडर, हा वाद येतो. पूर्वी ओतीव लोखंडी सिलेंडर पॉलिश पेपरने घासून नवे वॉशर घातले की चालून जायचं. आजचं सिलेंडर बहुधा ॲल्युमिनियमचं, आतून कडक थर दिलेलं असतं. घासलं की तो थर जातो आणि नवा कप काही महिन्यांत जुन्यासारखा होतो. किट स्वस्त पडतं हे मान्य. तरी माझं मत असेंब्लीच्याच बाजूने. नवं सिलेंडर आधी व्हाइसमध्ये धरून, छोट्या नळ्या टाकीत परत सोडून, पिस्टन सावकाश दाबत त्याची हवा काढावी. गाडीवर चढवल्यावर ती हवा काढायला जास्त ऑइल जातं. बूस्टरच्या दांड्याचं अंतर मात्र मोजूनच घ्यावं. दांडा जरा लांब राहिला तर परतीचं छिद्र उघडत नाही आणि ब्रेक धरून राहतो. डिझेल पिकअपमध्ये हे ड्रायव्हरच्या लक्षातही येत नाही. इलेक्ट्रिक गाडीत रेंज घटते आणि मालक बॅटरीला दोष देत फिरतो.

इलेक्ट्रिक म्हणून वेगळं काय, तर इंजिन नसल्याने बूस्टरला व्हॅक्यूम विजेचा पंप देतो, किंवा बूस्टरच विजेचा असतो. काही गाड्यांत दार उघडताच ही यंत्रणा जागी होऊन दाब धरते, म्हणून पाइपच्या नटाला पाना लावण्याआधी गाडी पूर्ण झोपवणं, बारा व्होल्टची बॅटरी सोडवणं आणि उच्च दाबाच्या नारिंगी केबलींपासून हात दूर ठेवणं आलं. एबीएसच्या आतली हवा पुष्कळदा स्कॅनरशिवाय निघत नाही.

हे काम शहरातल्या सर्व्हिस सेंटरचंच, असं म्हणणाऱ्यांशी मी निम्मा सहमत आहे. ज्या गाड्यांत सिलेंडर, बूस्टर आणि एबीएस एकाच पेटीत बंद आहेत, तिथे खेड्यातल्या गॅरेजने हात घालू नये. पण बूस्टरपुढे वेगळं सिलेंडर बसवलेल्या गाड्या आहेतच. टाटाची नेक्सॉन ईव्ही जानेवारी 2020मध्ये बाजारात आली. पहिल्या खेपेच्या गाड्या आता वयात आल्या आहेत आणि दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती लहान गावांपर्यंत पोहोचतील. त्यांच्या बॅटरीला आठ वर्षांची हमी आहे. ब्रेक ऑइलला अशी हमी कोणी देत नाही. आयुष्यभर जीपच्या ब्रेकची हवा काढलेल्या मिस्त्रीला या कामात नवीन शिकायचंय ते स्कॅनर आणि वीज बंद करायची शिस्त. पेडल बसतंय की नाही हे त्याच्या पायाला आधीच कळतं. गाडी जुनी घेणाऱ्याने चार्जिंगच्या आकड्याबरोबर ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं हेही विचारावं, आणि उत्तर मिळालं नाही तर सौदा ठरवताना सिलेंडरचे पैसे धरूनच बोलावं.