होडीवरचे धुराडे

'चिमणी' हा शब्द मराठीत फार सुखाने नांदतो. अंगणात दाणे टिपणारे पाखरू ही चिमणी, रॉकेलचा मिणमिणता दिवा ही चिमणी, आणि गिरणीचे आभाळात घुसलेले धुराडे हीही चिमणीच. यांपैकी धुराड्याचा अर्थ इंग्रजीतून आला आणि घरच्या पाखराच्या नावात असा बेमालूम मिसळला की परकेपणाचा मागमूसही उरला नाही. भाषाशास्त्राच्या तासाला हे उदाहरण आम्ही दोघांनीही अनेक वर्षे दिले आहे. विद्यार्थी हसतात, वहीत टिपून घेतात. मात्र गेल्या पावसाळ्यात एका माजी विद्यार्थ्याने होडीवर चिमणी बसवायचा विषय काढला, आणि या शब्दाखाली एक खरीखुरी वस्तू असते, तिला व्यास, उंची आणि गंज असतो, याचा विचार करणे आम्हांला भाग पडले.

हा विद्यार्थी धरमतर खाडीकाठच्या मच्छीमार कुटुंबातला. पालीजवळून वाहणारी अंबा नदी नागोठण्याला भरतीचे पाणी चाखते आणि पुढे खाडी होऊन मुंबईच्या बंदराकडे जाते. तेव्हा पाली समुद्रकाठी नसली तरी समुद्राशी तिचे नाते पाण्यानेच जोडलेले आहे. त्याच्या घरच्या होडीवर पाच-सहा माणसे दोन-तीन दिवस असतात. पूर्वी रॉकेलचा स्टोव्ह होता. रेशनचे रॉकेल मिळेनासे झाले. गॅसच्या सिलिंडरवर तांडेलाचा विश्वास नाही. हलत्या होडीत, बंदिस्त केबिनमध्ये, इंजिनाशेजारी तो ठेवायला तो तयार नाही. म्हणून तेलाचा डबा कापून, आतून माती लिंपून केलेली चूल पुन्हा आली. सरपण फुकटचे: सुरूच्या फांद्या, नारळाची सोडणे, झावळ्या. अडचण एकच, धूर.

पूर्वी गलबतांवर ही अडचण नव्हती असे म्हणणे धाडसाचे होईल. ती उघड्यावर होती, एवढेच. लाकडी पेटीत माती भरून त्यावर चूल मांडत, आणि धूर वाऱ्याच्या हवाली करीत. स्वयंपाक करणाऱ्या खलाशाला भंडारी म्हणत (जातिवाचक भंडारी निराळा, शब्दकोश चाळताना विद्यार्थ्यांची इथे हटकून गल्लत होते). वारा कुठूनही वळो, धूर पहिल्यांदा भंडाऱ्याच्या डोळ्यांत. पुढे एकोणिसाव्या शतकात मुंबईहून धरमतरला वाफेच्या बोटी येऊ लागल्या. आपल्या लोकांनी त्यांना 'आगबोट' म्हटले. वाफ दिसत होती, चाके दिसत होती, पण नाव दिले आगीचे. पाण्यावर चालणारी आग आणि तिच्या डोक्यावर धूर ओकणारे नळकांडे, हेच लोकांना विलक्षण वाटले असावे. त्या नळकांड्याची सोय बॉयलरसाठी होती. शेजारून शीड उभारून जाणाऱ्या मचव्यावरचा भंडारी मात्र डोळे चोळतच राहिला.

घरांतही काही निराळे नव्हते. पालीतल्या जुन्या घरांच्या नळीच्या कौलांमधून धूर आपला आपण झिरपून जाई. जाता जाता वाशांना काळे करी आणि किडीपासून वाचवीही. बियाण्याची कणसे चुलीवर टांगण्यामागे हेच शहाणपण होते. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, ती घट्ट बसणारी कौले हळूहळू कोकणभर पसरली, आणि छप्पर जितके शाकारायला सोपे झाले तितके ते धुराला बंद झाले. मग धुराड्याची गरज भासू लागली. म्हणजे सुधारणेने एक भोक बुजवले आणि दुसरे पाडावे लागले. होडीच्या केबिनचे तेच झाले: लाटेपासून, पावसापासून आडोसा हवा म्हणून ती बंद केली, आणि चूल आत आली.

आमच्यापैकी एकाच्या घरी भिंतीतून नळी बाहेर काढलेली जुनी निर्धूर चूल आहे, एवढ्या पुण्याईवर आमची सल्लागार म्हणून नेमणूक झाली. बाजारातल्या पत्रेकाम करणाऱ्याकडे आम्ही तिघे गेलो. तो ट्रंका, डबे, पन्हळी करतो. होडीची नळी त्याने कधी केली नव्हती. पण त्याने पहिलाच प्रश्न नेमका विचारला: "नळीला ओढ कशी येणार?" 'ओढ' हा शब्द आम्ही आयुष्यभर विरहगीतांच्या संदर्भात शिकवला. पत्रेवाल्याच्या तोंडी त्यात काडीचीही भावविवशता नव्हती. नळीतली तापलेली हवा हलकी होऊन वर चढते आणि आपल्यामागे चुलीतला धूर खेचते. नळी जितकी उंच आणि जितकी सरळ, तितकी ओढ जास्त. घरात हे सोपे. होडीत उंच नळी दोरखंडात, जाळ्यात अडकते, आणि वारा केबिनच्या छपरावरून उतरून तिच्या तोंडात शिरतो. मग ओढ उलटी होते आणि साऱ्या गावाचा धूर घरात यावा तसे होते.

पत्रा कोणता, यावर बराच खल झाला. विद्यार्थ्याला जस्ताचा पत्रा हवा होता. समुद्रावर जस्त गंजापासून वाचवते हे त्याला माहीत. पण आगीलगत तापलेल्या जस्ताची वाफ श्वासाला घातक. स्टेनलेस उत्तम, त्यातही समुद्री वापराचे ३१६ क्रमांकाचे सर्वांत चांगले, पण त्याची किंमत ऐकून तो नुसता हसला. शेवटी जाड काळा लोखंडी पत्रा, चार इंची नळी, दोन तुकड्यांत. तुकडे जोडताना वरच्याचे तोंड खालच्याच्या आत बसवायचे, म्हणजे ओल्या लाकडाचा काळा चिकट रस आतल्या आत खाली ओघळतो, सांध्यातून बाहेर गळत नाही. पन्हळीतला पारंगत पत्रेवाला हे न सांगताच समजला. नळी लाकडी छपरातून जाते तिथे मात्र तो घाईत होता, त्याला थांबवावे लागले. तापलेली नळी आणि लाकूड यांत मोकळी जागा आणि न जळणारी पट्टी हवीच. पाश्चात्त्य लाकडी नौकांवर तिथे कडेने पन्हळ असलेली लोखंडी चकती बसवीत आणि त्या पन्हळीत पाणी भरून ठेवीत, हे आम्ही त्याला सांगितले. त्याला ते फार आवडले, पण आमच्या होडीवर ते पाणी पहिल्याच लाटेने सांडेल, असे विद्यार्थ्याचे मत पडले. इंग्रज खलाशी होडीवरच्या स्वयंपाकघराच्या नळीला 'चार्ली नोबल' म्हणत. त्या नावाच्या कप्तानाला आपली तांब्याची नळी चकचकीत ठेवण्याचा नाद होता म्हणे. आमच्याकडे नळीला माणसाचे नाव देण्याइतकी ती कुणाच्या प्रतिष्ठेची बाब झालीच नाही.

सारे ठरत आले, तेव्हा नळी केबिनच्या कोणत्या कोपऱ्यात जाणार हा प्रश्न उरला. तांडेलाला ती मागच्या डाव्या कोपऱ्यात हवी होती, जाळ्यापासून दूर. पावसाळी बंदीत होडी काठावर शाकारून ठेवलेली असताना आम्ही ती पाहायला गेलो. विद्यार्थ्याचा धाकटा भाऊ सोबत होता. होडीवर स्वयंपाक तो करतो, बारावी नापास झाल्यापासून. गेली दोन वर्षे त्याचा खोकला हटलेला नाही. त्याला कुणी विचारले नव्हते, आम्ही विचारले. "डाव्या कोपऱ्यान नको," तो म्हणाला. "जाली वडताना व्हरी तेच अंगाला वलतं. आख्खा धूर माज्याच डोल्यान." जाळे ओढताना होडी एका अंगाला वळते हे तांडेलाला माहीत नव्हते असे नाही, त्या वेळी तो सुकाणूवर असतो आणि चुलीपाशी हा असतो, एवढाच फरक. नळी उजवीकडे गेली. तांडेलाने हे मुकाट्याने मान्य केले. आम्हांला त्याचे कौतुक वाटले.

एका गोष्टीवर मात्र आम्ही हट्ट धरला. पावसात केबिनचे दार लावून घेतले की नळी असूनही आग हवेसाठी तडफडते, आणि अर्धवट जळणातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. लाकडाचा धूर निदान डोळे चुरचुरवून इशारा देतो. कोळशाची शेगडी तेवढीही माणुसकी दाखवीत नाही, आणि थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसे सकाळी उठत नाहीत ती यामुळेच. म्हणून दाराच्या तळाशी हातभर लांब, चार बोटे उंच अशी फट कायमची उघडी. ती कुणी चिंध्या कोंबून बुजवायची नाही, आणि रात्री झोपण्याआधी निखारे विझवायचेच, केबिनमध्ये ठेवायचे नाहीत.

निर्धूर चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८०च्या दशकात सुरू झाला आणि २००२ मध्ये थांबला. आमच्या परिसरातही तेव्हाच्या चुली अजून कुठे कुठे दिसतात, बहुतेकींच्या नळ्या काजळीने बुजलेल्या. चूल मोजून दिली गेली. नळी झाडायची कुणी आणि कधी, हे मोजण्यासारखे नव्हते. ज्या घरात कुणी बाईने महिन्यातून एकदा नारळाच्या हिरांचा झाडू काठीला बांधून नळीत घातला, तिथे चूल चालली. मोठ्या योजनांचे यशापयश इतक्या लहान झाडूवर अवलंबून असते हे आमच्या अहवाललेखकांना रुचत नाही. होडीवर तर काजळीच्या जोडीला मीठ. समुद्रात वाहून आलेले लाकूड जाळले की त्यातले मीठ धुराबरोबर चढते आणि लोखंड आतून खाते. वाहते लाकूड नको, झाडून वाळवलेले सरपणच हवे, असे आम्ही निक्षून सांगितले. धाकट्याने मान डोलावली. पण तीन दिवसांच्या फेरीत सरपण संपल्यावर समोर तरंगणारे ओंडके तो सोडून देईल, असे मानण्याइतके आम्ही पुस्तकी नाही.

नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात गेली. दर पंधरा दिवसांनी नळी काढून काठीने ठोकायची, टोपी तपासायची, छपरापाशी लाकूड काळे पडले का ते हाताने पाहायचे, एवढे काम त्या पोराने स्वतःच्या अंगावर घेतले आहे. होडीवर त्या नळीला सगळे 'भोंगा' म्हणतात. आमचे 'धुराडे' कुणी घेतले नाही, आणि 'चिमणी' तर त्यांना हसू आणते. जानेवारीत विद्यार्थ्याचा फोन आला. खोकला कमी आहे, गेलेला नाही. खालचा तुकडा आतून पापुद्रे सुटू लागला आहे, पुढच्या बंदीपर्यंत टिकेल असे वाटत नाही. "सर, पत्रेवाल्याला सांगून ठेवा," तो म्हणाला, "आणि या वेळी स्टेनलेसचा भाव पुन्हा विचारा. धाकटा म्हणतो, त्याच्या वाट्यातले पैसे तो घालणार आहे."