चौथ्या गोळीआधी

माकुणसार

प्रिय शालू,

तीन-तीन गोळ्या घेऊनही बीपी १६० खाली उतरत नाही म्हणून तू हात टेकलेस म्हणे. थांब, आधी आमच्या काकींचं ऐक.

त्यांचंही तेच रडगाणं. सफाळ्याचे डॉक्टर चौथी गोळी लिहिणार, एवढ्यात म्हणाले, घरातली सगळी औषधं घेऊन या. टेबलावर पिशवी उपडी केली, तर बीपीच्या गोळ्यांची पाकिटं अर्धी भरलेली आणि डायक्लोफिनॅकची रिकामी! आवणीत वाकून गुडघे धरलेले, शेजारणीने दिलेली गोळी रोज चालू. असली दुखण्याची गोळी अंगात मीठ-पाणी धरून ठेवते, मग बीपीचं औषध काय करणार? वर खोकल्यासाठी ज्येष्ठमध चघळणं. तेही रोजचं झालं की दाब चढतो.

मिठाचं तर विचारूच नकोस. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणते, म्हणजे जेमतेम चहाचा चमचाभर. आपल्याकडे पावसाळ्यात खारवलेला बांगडा, शिवाय लोणचं, पापड! (वलांडीवर वाळलेला बोंबील त्यामानाने गरीब, तो बहुधा बिनमिठाचा.)

१९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरचा गुण ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला, तेव्हा डॉक्टरांच्या हाताशी औषधं मोजकीच होती. आता औषधांना तोटा नाही. गोळ्या नेमाने घेण्याचाच कंटाळा.

खरोखर हट्टी बीपीही असतं, नाही असं नाही. पुऱ्या मात्रेत तीन औषधं, त्यातलं एक लघवी वाढवणारं, न चुकता घेऊनही १४०/९०च्या वर राहिलं, की मूत्रपिंडाची रक्तवाहिनी अरुंद झालीय का, अल्डोस्टेरॉन वाढलंय का, हे तपासावं लागतं. अशांना चौथी गोळी म्हणून स्पायरोनोलॅक्टोन सरस, असं २०१५ साली ब्रिटनमधल्या चाचणीत दिसलं. जुनी, स्वस्त गोळी. पण रक्तातलं पोटॅशियम बघूनच द्यायची.

काकींची डायक्लोफिनॅक सुटली, गोळ्या सकाळच्या चहाबरोबर ठरल्या. आता वरचा आकडा १३५च्या आसपास असतो.

तू रात्री घोरताना श्वास अडकतो का, हे अहोंना विचार. मशीनचा पट्टा दंडाला पुरतो का तेही बघ, तोकडा पट्टा आकडा फुगवतो. आणि वैतागून बीपीची गोळी परस्पर बंद करू नकोस. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ बीपी मोजून डॉक्टरांना दाखव, मलाही कळव.

तुझी,
कुंदा